आठ महिने बिनपगारी

दुकान-पेढीच्या घरात वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर वास्तुकलेला जायचे आहे असे सांगितले, की घरातील वडीलधारी मंडळी बहुधा दोनच प्रश्न विचारतात. शिक्षण किती वर्षांचे? आणि मिळकत कधी सुरू होणार? प्रश्न गैर नाहीत. ज्या घरात प्रत्येक दिवाळीला चोपडीपूजन होते, तेथे हिशेब विचारला जाणारच. पण उत्तर ऐकून मंडळी गप्प होतात. पाच वर्षांची पदवी, त्यानंतर नोंदणी, त्यानंतर दुसऱ्याच्या कार्यालयात आराखडे काढण्यात जाणारी आणखी काही वर्षे, आणि त्या काळातला पगार पेढीवरच्या जुन्या मुनीमालाही हसू यावे असा. तेवढ्या अवधीत सनदी लेखापाल झालेला चुलतभाऊ स्वतःच्या नावाची पाटी लावून मोकळा झालेला असतो.

या हिशेबात एक रकाना सहसा राहून जातो. तो कोणता, हे पाहण्यासाठी पुण्यात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याची पहिली पंधरा वर्षे पाहण्यासारखी आहेत. बाळकृष्ण दोशी हे नाव आता वाचकांच्या परिचयाचे आहे. 2018 मध्ये त्यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या वेळी त्यांचे वय नव्वद होते. 2023 च्या जानेवारीत ते निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या मोठ्या इमारतींची छायाचित्रे भरभरून छापली. आरंभीच्या वर्षांविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. (आडनावावरून पुष्कळांचा समज होतो म्हणून नमूद करावयास हवे की दोशी कुटुंब हिंदू होते. हे आडनाव दोन्हीकडे आढळते.)

26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात, मोठ्या एकत्र कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन पिढ्या घरात फर्निचरचा व्यवसाय होता. लाकूड कसे निवडावे, सांधा कसा बसवावा, बसणाऱ्याच्या पाठीला खुर्ची कोठे टेकली पाहिजे, या गोष्टी अशा घरातील मुलाला कोणी शिकवीत नाही. त्या कानावर पडतात आणि हाताखालून जातात. कुटुंब वाढत गेले तसतसे राहते घरही वाढत गेले. आज एक खोली, काही वर्षांनी तीवर मजला. घर ही एकदा बांधून पुरी होणारी वस्तू नसून माणसांबरोबर वाढणारी आहे, हे त्या मुलाने पाहिले ते असे. चित्रकलेत त्याला गती होती, आणि वास्तुकला नावाचे एक शास्त्र आहे हे त्याला एका शाळामास्तरांकडून कळले. घरच्या धंद्यात त्याचा हात बसला असता तर कोणी आश्चर्य केले नसते.

1947 साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूलच्या वास्तुकला विभागात प्रवेश घेतला. तेथील अभ्यासाची घडण इंग्रजी वळणाची होती. 1950 मध्ये ते बोटीने लंडनला गेले. तेथील राजमान्य वास्तुविशारद संस्थेचे, म्हणजे रॉयल इन्स्टिट्यूटचे, सभासद व्हावे, एवढीच त्या वेळची महत्त्वाकांक्षा. कोणत्याही घरातील वडिलांना समजेल अशीच ती होती. विलायती पात्रता घेऊन परत यावे आणि मुंबईत व्यवसाय थाटावा.

बेत बदलला तो 1951 च्या उन्हाळ्यात. लंडनजवळच्या हॉडस्डन या गावी आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, आणि दोशी तेथे श्रोते म्हणून हजर होते. पंजाबच्या नव्या राजधानीचे, म्हणजे चंदीगडचे, काम ल कोर्बुझिए यांच्याकडे आल्याचे तेथे त्यांच्या कानावर आले. तेथेच त्यांनी कामासाठी विचारणा केली. अर्ज स्वहस्ताक्षरात लिहून पाठवावा, अशी सूचना मिळाली. अक्षरावरून माणसाची पारख करण्याची त्या कार्यालयाची रीत होती. उत्तर आले ते असे, की यावे. मात्र आठ महिने पगार मिळणार नाही.

दोशी गेले. त्यांना फ्रेंच येत नव्हते. रू द सेव्र या रस्त्यावरील 35 क्रमांकाच्या जुन्या धार्मिक मठातील एका लांबट दालनात ते कार्यालय होते. चंदीगड आणि अहमदाबाद या दोन्ही ठिकाणच्या इमारतींचे आराखडे तेथे तयार होत होते. भाषा येत नसल्यामुळे गुरू काय बोलतात यापेक्षा गुरूची पेन्सिल कोठे थांबते आणि कोणती रेघ खोडते, यावर शिष्याला लक्ष ठेवावे लागले असणार. चार वर्षांच्या आत, 1954 मध्ये, त्याच गुरूने त्यांना आपल्या बांधकामांवर देखरेख करण्यासाठी भारतात पाठवले.

बँकेच्या रीतीने पाहिले तर हे आठ महिने निव्वळ खर्चाचे ठरतात. उत्पन्न शून्य, आणि परदेशातील राहणीचा भार. परंतु जुन्या पेढ्यांवर ही गोष्ट नवी नव्हती. हिऱ्याची पारख, कापसाची प्रत किंवा सुताचा काऊंट शिकायला आलेला मुलगा सुरुवातीला बिनपगारीच बसत असे, आणि त्याला उमेदवारी असे स्वच्छ नाव होते. त्या काळात तो काय मिळवतो हे कोणी विचारीत नसे. कोणाच्या हाताखाली बसतो, एवढेच विचारले जाई. आज आपण महाविद्यालयाचे नाव विचारतो, शुल्क विचारतो, नोकरीचे पॅकेज विचारतो. गुरू कोण, हा रकाना कोराच राहतो. वास्तुकलेसारख्या हाताने शिकायच्या विद्येत तोच रकाना सर्वांत जड असतो.

अहमदाबादेत दोशींच्या वाट्याला आलेली माणसे आपल्या वाचकांना परकी वाटणार नाहीत. कोर्बुझिएंना त्या शहरात काम मिळाले ते महापौर चिनूभाई चिमनलाल आणि गिरणीमालकांच्या घराण्यांमुळे. त्यांत जैन कुटुंबे अग्रभागी होती. साबरमतीकाठी मिलओनर्स असोसिएशनची इमारत उभी राहिली. मनोरमा साराभाईंचा बंगला झाला. असोसिएशनचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांनी स्वतःसाठी एका बंगल्याचे आराखडे करून घेतले आणि पुढे ते श्यामूभाई शोधन यांना विकून टाकले. शोधनांनी तो बंगला दुसऱ्याच जागेवर बांधला. जगभरचे विद्यार्थी आज ज्याच्यासमोर वही उघडून बसतात, ती वास्तू अशी हस्तांतरित होऊन आली आहे. व्यापारी माणूस कागदावरच्या घराचाही सौदा करतो, याची वास्तुविशारदांना गंमत वाटते. आपल्याला वाटू नये.

या बांधकामांत दोशींचे काम होते गुरूच्या रेघा गवंडी आणि सुतार यांच्या हाती पोचवण्याचे. काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे लागत, आणि काँक्रीट उघडेच ठेवायचे असल्याने फळीची प्रत्येक शीर त्यावर उमटत असे. फर्निचरच्या घरातील मुलाला पॅरिसमध्ये जे शिकता आले नाही ते येथे वडिलोपार्जित ज्ञानातून मिळाले असावे, असा तर्क करावासा वाटतो.

1956 मध्ये त्यांनी दोन वास्तुविशारदांना सोबत घेऊन स्वतःचे कार्यालय काढले आणि त्याला ‘वास्तुशिल्प’ असे नाव दिले. आरंभीची कामे लहान होती. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या, म्हणजे अटिराच्या, आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी अल्पखर्ची घरे बांधली. विटांच्या भिंती, वर कमानीसारखी छते. साराभाई बंगला पाहिलेल्याला त्या छतांचा उगम लगेच कळतो, आणि तो लपवण्याचा प्रयत्नही दिसत नाही. सर्वांत खालच्या थरातील माणसाला योग्य घर मिळवून देण्याचे व्रत आपण आयुष्यभर पाळावे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी 1954 मध्येच काढले होते. पुढे इंदूरच्या अरण्य वसाहतीत ते मोठ्या प्रमाणावर उतरले. पण तिशीतल्या या घरांत हेतू त्यांचा होता आणि हात अजून गुरूचा होता. हे उणेपण म्हणून सांगितले जात नाही. नवशिक्या मुनीमाचे अक्षरही काही वर्षे शेठजींच्या अक्षरासारखे वळतेच.

स्वतःचे अक्षर दिसले ते एका जैन कामात. मुनी पुण्यविजयजी आणि शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या प्रयत्नांतून अहमदाबादेत लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिर स्थापन झाले होते. पुण्यविजयजींनी जैसलमेर, पाटण आणि खंभात येथील ज्ञानभांडारांतील हजारो हस्तलिखितांची पाहणी करून सूची तयार केल्या होत्या. आपला संग्रहही त्यांनी या संस्थेला दिला. आता या ग्रंथांना घर हवे होते, आणि ते काम दोशींकडे आले.

ताडपत्र आणि जुना कागद यांना काय सोसत नाही, हे ज्ञानपंचमीला भांडार उघडणाऱ्या प्रत्येक श्रावकाला माहीत असते. फार ऊन नको, फार ओल नको, कडक उजेड नको, कसर लागता कामा नये. हजार वर्षे हे ग्रंथ टिकले ते कपड्याच्या बासनात, लाकडी पेट्यांत, थंड तळघरांत. कोर्बुझिएंच्या कोणत्याही आराखड्यात याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते. दोशी जैन मुनींकडे गेले, उपाश्रय कसे बांधले जात हे त्यांनी विचारून घेतले, जुन्या अहमदाबादची घरे आणि सार्वजनिक वास्तू नव्याने पाहिल्या.

1962 च्या या इमारतीत काँक्रीट आहे, सरळ रेषा आहेत; लांबून पाहणाऱ्याला ती आधुनिकच वाटते. जवळ गेल्यावर उंच जोते लागते. पायऱ्या चढून माणूस ओसरीत येतो, आणि ती ओसरी दर्शनी बाजूभर पसरलेली असते. वरच्या मजल्याचा पुढे आलेला भाग खालच्याला सावली देतो. जोत्याखाली, अर्धवट जमिनीत, ग्रंथांची जागा आहे. म्हणजे पोथ्या तळघरात आणि अभ्यासक ओसरीजवळ, अशी जी मांडणी आपल्या पूर्वजांनी भांडारात आणि उपाश्रयात केली होती, तीच येथे नव्या साहित्यात केलेली आहे. अहमदाबादच्या वास्तूंतून जे जे पाहिले ते या एका इमारतीत एकवटले, असे दोशी स्वतः पुढे सांगत असत.

येथे कस्तुरभाईंविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख म्हणून राणकपूर आणि देलवाड्याचे जीर्णोद्धार त्यांच्या देखरेखीखाली झाले. परंपरेतील शिल्पी कोण आणि त्यांचे कसब कसे, हे त्यांच्याइतके जाणणारे फार थोडे होते. तरीही हस्तलिखितांचे घर पस्तिशीतल्या, पॅरिसहून शिकून आलेल्या तरुणाच्या हाती सोपवले गेले. जीर्णोद्धार जुन्या हातांकडे आणि नवी वास्तू नव्या हाताकडे, हा विवेक त्या पिढीतील व्यापाऱ्यांपाशी होता. आज आपल्या समाजाची भवने आणि पाठशाळा बांधताना आपण ठेकेदाराकडूनच नकाशा काढून घेतो. वास्तुकला शिकून आलेल्या आपल्याच मुलांना देरासराच्या धर्मशाळेची एक खोलीदेखील दाखवीत नाही, आणि मग मुले मोठ्या शहरांत रमतात म्हणून खंत करतो.

दोशींचा मार्ग जसाच्या तसा मात्र आज कोणाला उचलता येणार नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. 1972 च्या कायद्यानंतर मान्य पदवी आणि वास्तुकला परिषदेची नोंदणी यांशिवाय स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. पाच वर्षे पूर्ण करावीच लागतात. उमेदवारी त्यानंतरची. त्या दोन-तीन वर्षांचा खर्च घराने आधीच बाजूला काढून ठेवला, तर मुलाला जास्त पगाराच्या नव्हे, तर चांगल्या गुरूच्या कार्यालयाची निवड करता येते. ही रक्कम नव्या दुकानाच्या पागडीच्या मानाने मोठी नसते.

1962 मध्येच अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने वास्तुकलेची शाळा काढली. दोशी तिचे संस्थापक संचालक झाले, आणि जे. जे.पासून पॅरिसपर्यंत ज्याने शिकण्यात उमेदीची वर्षे घालवली तो शिकवू लागला. त्याच सुमारास कस्तुरभाई आणि विक्रम साराभाई नव्या व्यवस्थापन संस्थेसाठी, म्हणजे आयआयएमसाठी, वास्तुविशारद शोधत होते. शहरातील सर्वांत मोठे काम होते ते, आणि विचारणा दोशींकडे झाली. त्यांनी अमेरिकेतील लुई कान यांचे नाव सुचवले. कान आले, आणि स्वतःचे कार्यालय, स्वतःची शाळा असलेले दोशी सहयोगी म्हणून दशकाहून अधिक काळ त्यांच्याबरोबर काम करीत राहिले.