दिलेला शब्द आणि लिहिलेला दस्त

मराठीत 'शब्द' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक भाषेचा घटक, दुसरा वचन. आम्ही वर्गात पहिला शिकवतो आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी दुसऱ्यावर व्यवहार चालतात. दिलेला शब्द कायद्याने बांधतो केव्हा, हा प्रश्न आपण विधी महाविद्यालयांकडे सोपवून मोकळे झालो आहोत. तो मराठीच्या वर्गाचाही प्रश्न आहे, एवढेच आम्हांस येथे म्हणावयाचे आहे.

निमित्त वर्गातलेच आहे. उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना घरातला एखादा जुना कागद आणावयास सांगितले होते. कोणी लग्नपत्रिका आणली, कोणी सोसायटीच्या कर्जाची नोटीस. एका विद्यार्थिनीने खरेदीखताची झेरॉक्स आणली. तिच्या आजोबांनी मुलीच्या लग्नासाठी गावातल्या एकाकडून पैसे उचलले आणि तारण म्हणून शेत त्याला 'खरेदी करून दिले'. पैसे फिटले की शेत परत, असा शब्द होता. पैसे घेऊन गेले तेव्हा समोरच्याने कागद पुढे केला. कागदात राजीखुशी होती, चतुःसीमा होत्या, संपूर्ण मोबदला पावल्याची कबुली होती. शेत परत देण्याविषयी एक ओळ नव्हती. मुलीने विचारले, "सर, मग शब्द दिला होता त्याचं काय?"

बुलडाणा जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तर सरळही नाही. 'लेखी नाही म्हणजे करारच नाही' हा समज चुकीचा आहे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ करार आणि संविदा यांत भेद करतो. कायद्याने अंमलात आणता येतो तोच करार संविदा होय. त्यासाठी मुक्त संमती हवी, पक्षकार सज्ञान व सक्षम हवेत, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवेत. लेखणी सर्वत्र लागतेच असे नाही. बाजार समितीच्या हर्रासात बोली लागते आणि सौदा तोंडीच ठरतो. तो शब्द कायदाही मानतो.

मोबदल्यावाचून दिलेले वचन मात्र सामान्यतः बांधत नाही. कलम २५ मध्ये याला मोजके अपवाद आहेत. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेले वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तर ते टिकते. मुदत उलटून गेलेले कर्ज फेडण्याचे लेखी, सहीनिशी दिलेले वचनही टिकते. म्हणजे ज्या चिठ्ठीवर आपण भिडेपोटी सही करतो, ती मेलेल्या कर्जात पुन्हा जीव घालू शकते.

जमिनीपाशी आल्यावर तर कायदा कागदाकडेच पाहतो. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तावाचून होत नाही. खरेदीखत हे वस्तुतः गहाण आहे असे म्हणायचे, तर परतफेडीची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ च्या दुरुस्तीने हे आले. आजोबांचा शब्द अडला तो येथे.

वाटा अगदीच बंद नाहीत. फसवणूक झाल्याचे सिद्ध करता येते. दस्त केवळ देखाव्याचा होता, तो अंमलात आणायचाच नव्हता, हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली, अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. पण या साऱ्या वाटा कागद झाल्यानंतरच्या, खर्चाच्या आणि वर्षानुवर्षांच्या आहेत. कागद होण्यापूर्वीची एकच वाट आहे, ती म्हणजे वाचन.

हे दुखणे जुने आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयांना दस्तामागचा खरा व्यवहार तपासण्यास सांगितले. वऱ्हाड त्यात नव्हते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळात. निरक्षर शेतकरी कागदापुढे कसा हतबल होतो, हे त्यांनी पाहिले होते. आपण तो ग्रंथ परीक्षेसाठी शिकवतो, आणि तो वाचलेला विद्यार्थी घरातले साठेखत वाचू शकत नाही.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कायद्याने शब्दावरच विश्वास ठेवावा. आम्हांस हे पटत नाही. तोंडी साक्षीवर जमिनी फिरू लागल्या, तर चार साक्षीदार उभे करू शकणारा बलवानच जिंकेल. कागदाची सक्ती दुबळ्याचेही रक्षण करते, मात्र त्याला कागद वाचता आला तर. दुसरा आक्षेप असा की, हे साहित्याचे काम नव्हे. पण 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांतला निवेदक कोण, 'राजीखुशीने' हे कोणाच्या तोंडी घातले आहे, बोलण्यात असलेले कोणते वाक्य लेखनात गळले, हे प्रश्न आपण कथेला विचारतोच. तेच दस्ताला विचारायचे आहेत. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे वकील होते. कविता आणि दस्त या दोन्ही मराठी या जिल्ह्यात एकाच माणसाने हाताळल्या आहेत.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. उपयोजित मराठीत आपण अर्जलेखन आणि जाहिरातलेखन शिकवतो, त्याबरोबर इसारपावती, साठेखत, खरेदीखत, गहाणखत आणि हक्कसोडपत्र यांचे वाचनही शिकवावे. त्यासाठी वेगळ्या तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वकिलाला एका तासाला बोलावता येते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दिले की, आजोबांना दिलेला शब्द खराच असेल, पण तो कागदावर उतरला नाही. हे सांगताना आम्हांस ओशाळे वाटले. ते वाचायला शिकवणे आमचेच काम होते.