थंडीतले इंजिन आणि खालची खोली

बेंगळुरूची थंडी ही नाशिककरांच्या लेखी थंडीच नव्हे! पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की इथे मफलर, स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात. १८८४ च्या जानेवारीत तो ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण एवढा गारठा काही आपल्या नशिबी येत नाही. तरीही डिसेंबर लागला की आमच्या इमारतीखाली पहाटे सहाला एक मोटार घुरघुरू लागते आणि दहा मिनिटे जागच्या जागी घुरघुरतच राहते.

मोटार आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची. काका मूळचे बेळगावचे, बँकेतून निवृत्त झालेले. दसऱ्याला नवी गाडी घेतली, गाळी आंजनेयाच्या देवळात नेऊन पूजा केली, चाकांखाली लिंबे चिरडली. तेव्हापासून रोजचा नेम ठरला. इंजिन सुरू करायचे, वर येऊन चहा घ्यायचा आणि मग खाली उतरून फिरायला निघायचे.

मी एकदा विचारले तर म्हणाले, "अगं, नवं इंजिन आहे. थंडीत गरम केल्याशिवाय हलवायचं नसतं. माझी फियाट मी वीस वर्षं अशीच सांभाळली."

काकांचे चुकत नव्हते, त्यांचा काळ मागे पडला होता. फियाट, अ‍ॅम्बॅसडर, जुनी मारुती ८०० या गाड्यांना कार्ब्युरेटर असे. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावे लागे. चोक लवकर आत ढकलला तर गाडी आचके देत चौकातच बंद पडे आणि मागून हॉर्नचा गजर सुरू होई! त्यामुळे थोडे थांबणे भागच होते. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ अशी चिठ्ठीही असे, म्हणजे मागच्याने ओळखावे की हा गृहस्थ चाळीसच्या पुढे जाणार नाही.

आता पेट्रोल किती सोडायचे हे गाडीतला संगणक इंजिनाची उष्णता मोजून ठरवतो. चोक गेला, पण सवय राहिली. आणि नव्या इंजिनाला या सवयीने फायदा नाहीच, उलट तोटाच होतो.

तो कसा, हे ज्यांच्या घरी जाते होते त्यांना चटकन कळेल. जात्याला टाकी लावून आणली की पहिले पीठ कचकच लागते, म्हणून ते टाकून देत. थोडे दळल्यावरच दोन्ही तळ्या एकमेकींना जुळत. इंजिनाच्या सिलिंडरच्या आतही कारखान्यात अशाच बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. त्यांत तेल धरून राहते आणि त्यांच्यावर घासून पिस्टनच्या कड्या नीट बसतात. कड्या बसायला त्यांच्यामागे जळत्या वायूचा दाब लागतो. उभ्या गाडीत हा दाब अगदी कमी असतो. शिवाय गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात उतरते. म्हणजे जिथे तेल सर्वांत जास्त हवे, तिथलेच निघून जाते.

मग करायचे काय? इंजिन सुरू करा, पट्टा बांधा, आरसा नीट करा. एवढ्यात वीस-तीस सेकंद होतात, आपल्या हवेत तेवढी पुरतात. मग निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर हळुवार दाबा. बऱ्याच गाड्यांत थर्मामीटरच्या आकाराचा निळा दिवा असतो, तो विझेपर्यंत तरी घाई नको. त्यानंतरही तेल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे ध्यानात ठेवा.

पहिले हजार किलोमीटर इंजिन पूर्ण जोराने पळवू नका आणि वरच्या गिअरमध्ये कण्हतही चालवू नका. एकाच वेगाने तासन्‌तास जाणेही टाळा. काकांचा विचार पहिल्याच महिन्यात बेळगाव गाठायचा होता, पाचशे किलोमीटर, तेही क्रूझ लावून! जायचेच असेल तर वेग मधूनमधून कमी-जास्त करा. पाच माणसे आणि डबे भरून नंदीचा घाट चढणे मात्र महिनाभर पुढे ढकललेले बरे. ब्रेकचे पॅडही नवे असतात, त्यांनाही सुरुवातीला जोराचे दाब सोसत नाहीत, अर्थात कुणी आडवे आले तर ब्रेक दाबायचाच. बाकी तुमच्या गाडीची पुस्तिका सांगेल ते खरे. हातमोज्याच्या खणात ती प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून असते.

हे सगळे मी काकांना कदाचित सांगितलेही नसते. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे. पण आमची इमारत खांबांवर उभी आहे आणि खाली मोटारींच्या कोपऱ्यात वॉचमनची खोली आहे. तो, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी तिथे राहतात. थंडीत दार बंद, पण वरची जाळी उघडीच. एक दिवस त्याची बायको म्हणाली, पोरगी सकाळी उठली की डोके दुखते म्हणते.

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरून तो प्राणवायूची जागा घेतो. नव्या गाडीत हा वायू निकामी करणारे यंत्र असते खरे, पण ते अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणजे गार इंजिनाची पहिली मिनिटेच सर्वांत वाईट. त्या मुलीचे डोके धुरानेच दुखत होते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, मी काही डॉक्टर नाही. तिला दाखवून आणा, एवढे मी तिच्या आईला सांगितले आणि तशीच वर काकांकडे गेले.

वाद घातला नाही. पुस्तिका आणायला लावली आणि जाळीची गोष्ट सांगितली. काकांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहाला इंजिन सुरू झाले आणि मी पांघरुणातून हात काढून घड्याळ पाहीपर्यंत फाटकाबाहेर गेलेही. काकू सांगत होत्या, आता ते चहा परत आल्यावर घेतात आणि तो गारच झाला म्हणून कुरकुरतात.