दीनसाहाय्य निधी आणि देणाराचा मान

ऑक्टोबरच्या १७ तारखेच्या सुमारास जगातील दारिद्र्याच्या निवारणार्थ आनंदमेळा भरविण्याचा प्रघात आमच्या शाळेत अलीकडे पडला आहे. ही तारीख संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली दारिद्र्य-निर्मूलनाचा दिवस म्हणून मान्य केली, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असते. कारण तेवढे फळ्यावर लिहिलेले असते. तो दिवस मुळात कोणी सुरू केला, हे फळ्यावर नसते. १९८७ साली याच तारखेस पॅरिस शहरी जोसेफ व्रेझिन्स्की नामक एका कॅथलिक धर्मगुरूंच्या हाकेसरशी मोठा जनसमुदाय जमला, व त्रोकादेरोच्या प्रांगणात दारिद्र्याने गांजलेल्यांच्या स्मरणार्थ एक शिळा बसविण्यात आली. हे धर्मगुरू स्वतः अत्यंत दरिद्री घरात वाढले होते. आणि गरिबीविषयी जे काही ठरवावयाचे ते गरिबांस बाहेर उभे करून ठरवू नये, असा त्यांचा जन्मभर आग्रह होता. गेल्या मेळ्यात या आग्रहाची आठवण आम्हांस ज्या रीतीने झाली, ती येथे लिहून ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

मेळा उत्तम झाला, यात शंका नाही. पताका होत्या, वाद्ये होती, शिळफाट्यावरून जाणाऱ्या कित्येक मोटारी कुतूहलाने थांबल्या, आणि नववीच्या मुलांनी केलेली भेळ खरोखरच चांगली होती. फाटकावर प्रवेशाचे कूपन दहा रुपयांस मिळत होते. दुपारी तेथे सहावीतील एक मुलगी आली. ती कातकरी वाडीतील. तिच्या डोक्यावर लहानशी पाटी, व पाटीत परसातील वेलावरच्या पाच काकड्या होत्या. फाटकावरील स्वयंसेवकांनी तिला सांगितले की, येथे विक्रीस बसू नये, दुकानांच्या जागा आधीच वाटून दिल्या आहेत. ती काही न बोलता परत गेली. सोमवारी तिच्या बाकावरील मैत्रिणीकडून आम्हांस कळले की, ती काकड्या विकावयास आलीच नव्हती. ‘गरिबांसाठी काहीतरी आणा’ असे प्रार्थनेच्या वेळी सर्व वर्गांस सांगितले होते, म्हणून तिने त्या आणल्या होत्या. स्वयंसेवक मुले भली आहेत. दोष द्यावयाचा तर त्यांस तेथे नेमणाऱ्या आम्हां शिक्षकांस द्यावा लागेल. कातकऱ्याचे मूल घेणारे असेल किंवा विकणारे असेल, पण देणारे असू शकेल, हे आम्ही त्यांना कधी शिकविलेच नव्हते.

कोणी म्हणेल, पाच काकड्यांनी जगाचे दारिद्र्य ते किती हटणार? या प्रश्नास विधवेच्या दोन टोल्यांचा दाखला देऊन मोकळे होता येईल. परंतु तो दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की, तो ऐकताना आपला हात खिशाकडे जाईनासा झाला आहे. म्हणून व्यवहारातलीच उदाहरणे घेऊ. आपल्या समोरचा घाट चढून गेले की पुढे तळेगाव लागते. तेथील काच कारखाना १९०८ साली पैसा फंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा मागत हा फंड गोळा केला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह स्थापिले. त्या कार्यास लोकांच्या मुष्टिफंडाचा आधार मिळाला; गृहिणी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत आणि ते मुलांच्या अन्नास लागे. या दोन्ही निधींत देणारा व घेणारा एकाच स्तरातील होते, व म्हणूनच घेणाराची मान खाली गेली नाही.

आमच्या मंडळ्यांतही ही रीत जुनी आहे. हंगामाच्या सणास कोणी कोंबडी आणतो, कोणी भोपळा, कोणी दोन अंडी, आणि उपासनेनंतर या सर्वांचा लिलाव होतो. जो एक अंडे घेतो तो ते पुन्हा लिलावात देतो, दुसराही तसेच करतो. आणि अशा रीतीने एकाच अंड्याची किंमत चार-पाच वेळा वसूल होते. सर्व मंडळी हसत असतात. अंडे आणणारी म्हातारीही हसत असते, कारण सर्वांत अधिक रक्कम तिच्याच अंड्यावर आलेली असते. ही आमच्या घरातील चाल सोडून आम्ही कूपनांच्या मागे का लागलो, हे आम्हांस उमगत नाही.

प्रेषित पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी जो निधी जमविला त्याची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्यात सर्वांत उत्साहाने पुढे आल्या त्या मासेदोनियातील मंडळ्या, आणि त्या स्वतःच दारिद्र्यात पिचलेल्या होत्या. आम्हांसही या कार्यात वाटा मिळावा, अशी विनवणी त्यांनीच केली. दुसरी गोष्ट अशी की, ही रक्कम पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले बंधू तिच्यासोबत राहतील अशी व्यवस्था केली. आता आमचे पाहा. गेल्या मेळ्याचा जमाखर्च याच वार्षिकात छापला आहे, पण तो इंग्रजी विभागात! ज्यांच्या नावाने पैसा जमला त्यांपैकी किती जणांस तो वाचता येईल?

आम्ही हे परक्याच्या दृष्टीने लिहीत नाही. १९०० सालच्या दुष्काळात ‘क्विटो’ नावाचे जहाज अमेरिकेतील देणगीदारांचा मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईस आले. तशा परदेशी देणग्यांवर त्या काळी मिशनची अनेक अनाथगृहे चालली, व आमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे तेथील ताटावर वाढले. त्या अन्नाबद्दल आम्ही देवाचे व त्या अनोळखी लोकांचे ऋणी आहो. परंतु ‘पोटासाठी बाटलेले’ हा टोमणाही त्याच ताटाबरोबर आमच्या घरांत आला, आणि तो तीन पिढ्या पुरला. घेणाराच्या ठिकाणी उभे राहणे काय असते, हे ज्यांस वारशाने कळले आहे त्यांनी तरी देताना अधिक जपावयास नको काय?

याच तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीस गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळी-फावड्यांनी माती उपसावी लागली. मदतीस निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी चढणीतच हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ माणसे बेपत्ता होती. त्या आठवड्यात ठिकठिकाणांहून साहाय्य आले. आमच्या शाळेतही कपडे जमले. ते निवडताना एका गाठोड्यातून लग्नसमारंभातील जरीचा कोट व एकेकच पायमोजे निघाले, हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. पुढे चौकनजीक नानिवली येथे सिडकोने वाचलेल्या कुटुंबांस पक्की घरे बांधून दिली, हे चांगले झाले. परंतु या वाडीचे नाव सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यादीत आज कोणत्या वाड्या आहेत व कोणत्या नाहीत, हे विचारण्यास जरीचा कोट लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जास दहा रुपये पडतात; आमच्या मेळ्याच्या कूपनाची किंमतही तेवढीच आहे.

दया आणि न्याय यांची फारकत करून चालत नाही, ते येथे कळते. १९४२ साली इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे, ग्रीस देशातील उपाशी लोकांकरिता एक समिती स्थापन झाली. तीच पुढे ऑक्सफॅम या नावाने जगास माहीत झाली. ग्रीस तेव्हा शत्रूच्या ताब्यात होता, आणि दोस्तांच्या नाकेबंदीमुळे तेथे अन्न पोहोचत नव्हते. समितीने वर्गणी तर जमविलीच, पण नाकेबंदीतून अन्न जाऊ द्यावे अशी मागणीही ऐन युद्धात आपल्याच सरकारपाशी लावून धरली. नुसती वर्गणी जमविली असती तर ती कोणास टोचली नसती. तकोवाचा मेंढपाळ आमोस यानेही सणांच्या थाटावर कोरडे ओढले, ते सणांच्या द्वेषाने नव्हे. गीते चालू होती आणि वेशीत गरिबाचा न्याय विकला जात होता, म्हणून.

आमच्या वेशीत काय चालले आहे? दिवाळी सरली की येथील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते. आठवड्यास खर्ची मिळते. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा उचल फिटलेली नसते, आणि पुढचे वर्ष आधीच गहाण पडते. वेठबिगारी नष्ट करणारा व असले कर्ज रद्द ठरविणारा कायदा १९७६ साली झाला. तो आठवीच्या मुलांस समजावून सांगण्यास एक तास पुरेल, पण मेळ्याच्या तयारीत आमचे आठ तास गेले. मुलांच्या शिक्षणाचे म्हणावे तर ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या, आणि आई-बाप स्थलांतरास गेले तरी मुलांनी गावात राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सरकारी योजनाही आहे. आमच्या निधीचा एक भाग जरी या कामी लागला, अर्ज लिहिण्यास, जातीच्या दाखल्यांसाठी तालुक्यास खेपा घालण्यास, सहा महिने मुलांना सांभाळण्यास, तर तो दूर देशी पाठविलेल्या रकमेपेक्षा कमी पुण्याचा ठरेल असे आम्हांस वाटत नाही. दूर देशी पाठवू नये, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. मुंबईस मका पाठविणारे आम्हांस कोठे ओळखत होते?

व्यवस्थापक मंडळास आमची विनंती आहे की, पुढील मेळा दिवाळीपूर्वी, म्हणजे भट्टीवाले वाडीत असतानाच व्हावा. प्रवेशास कूपन नसावे. फाटकाशी एक मेज ठेवून ज्याने जे आणले ते नाव न लिहिता घ्यावे व सायंकाळी त्याचा लिलाव करावा. पैसा कोठे जावा हे ठरविताना वाडीतील दोघे-तिघे समितीत असावेत, आणि जमाखर्च मराठीत लिहून वाडीत मोठ्याने वाचून दाखवावा.

ती मुलगी या वर्षी दिवाळीनंतर आई-बापांबरोबर भट्टीवर गेली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे नोव्हेंबरपासून अनुपस्थितीच्या खुणा आहेत. पाऊस लागला की कुटुंब परत येईल, असे तिच्या आजीने आम्हांस सांगितले, व बाई, काकड्यांचे बी राखून ठेवले आहे, असेही सांगितले.