मुंबई दाखवायची की बघायची?

परवा मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला विषय निघाला, कॅम्पसमधून निवड झाली तर पोस्टिंग कुठं मिळेल? टेबलावर आम्ही आठ जण. त्यातल्या सहा जणांनी मुंबई नाहीतर नवी मुंबई सांगितलं. मी सहज विचारलं, "तुमच्या घरच्यांनी मुंबई बघितलीय का रे?" सगळे गप्प! एकाचं घर पनवेलला, त्याला सोडलं तर कुणाच्याच आई-वडिलांनी नाही. मग एकेकाचं सुरू झालं. "नोकरी लागली की नेणार ना!" "पहिल्या पगारात विमानानंच नेतो बघ." "आत्ता नेऊन काय करू, खिशात पैसे तर पाहिजेत."

मित्रांनो, या "नोकरी लागली की" वरच मला आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण गेल्या सुट्टीपर्यंत मीही तेच म्हणत होतो.

आम्ही लातूर जिल्ह्यातले. अण्णांची कोरडवाहू शेती, एक विहीर. आई कधी पंढरपूर-तुळजापूरच्या पलीकडं गेलेली नाही. आईच्या चुलत भावानं, म्हणजे आमच्या मामानं डोंबिवलीला खोली घेतली आणि "या एकदा" म्हणून चारदा फोन केला. सबमिशन, ओरल्स सगळं आटोपलेलं होतं. म्हटलं, चला. अण्णा, आई, धाकटी बहीण आणि मी. रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस, सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मामासाठी पाच किलो ज्वारी.

आता खरं सांगतो. निघताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, मी यांना मुंबई "दाखवणार". मी थर्ड इयर सिव्हिलचा, दोन वेळा आय.व्ही.च्या निमित्तानं मुंबईला जाऊन आलेला! म्हणजे मी गाईड आणि हे तीन पाहुणे. यादीसुद्धा केली होती. सी.एस.एम.टी., गेटवे, घारापुरी, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, हँगिंग गार्डन. दोन दिवसांत खल्लास.

पहिला धडा लोकलमध्येच मिळाला. डोंबिवलीला आई आणि बहिणीला लेडीज डब्यात चढवलं आणि सांगितलं, "शेवटच्या स्टेशनला उतरा." आमच्या डब्यात मी अण्णांना चार वेळा "जरा हळू बोला" म्हणालो. ते काही ओरडत नव्हते. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय, एवढंच. सी.एस.एम.टी.ला उतरलो तर आईच्या हातात एका बाईनं दिलेला गजरा! तासाभरात तिची डब्यातल्या तिघी-चौघींशी ओळख झाली होती. कुणाची मुलगी कुठल्या कॉलेजात, कुणाची सासू कशी, सगळं पाठ. माझ्या दोन्ही आय.व्ही.त मी मुंबईच्या एकाही माणसाशी पत्ता विचारण्यापलीकडं बोललेलो नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

स्टेशनच्या बाहेर येऊन मी माहिती सुरू केली. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम सुरू १८७८, पूर्ण १८८८, २००४ साली युनेस्कोचा जागतिक वारसा. अण्णा वर बघत होते. म्हणाले, "हे दगडातलं मोर-माकडं कुणी केली?" मला एवढंच माहीत होतं की नक्षीचं काम मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलं होतं. ते सांगितल्यावर अण्णांनी माझ्याकडं बघून विचारलं, "म्हंजे तुझ्यावानी शिकणारी पोरं? मग तुमच्याकडून का करून घेत न्हाईत काही?" आता याला काय उत्तर देणार? आमच्याकडून फक्त ए-थ्री शीट करून घेतात, तेही मागच्या वर्षीच्या शीटवरून काच लावून!

गेटवेहून घारापुरीची बोट घेतली. साधारण तासाभराचा प्रवास. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि दहाहून जास्त माणसं गेली, त्यामुळं लाइफ जॅकेट घालायला सांगतातच. आजूबाजूची आपल्या वयाची पोरं-पोरी जॅकेट काढून फोटो काढत होती म्हणून मीही ते मांडीवर ठेवलं. अण्णांनी मात्र धोतर-सदऱ्यावर ते केशरी जॅकेट नीट बंद लावून घातलं आणि मलाही घालायला लावलं. सेफ्टीचं लेक्चर मी दिलं पाहिजे होतं, दिलं त्यांनी.

लेण्यात गेल्यावर आईनं चप्पल काढून त्रिमूर्तीला हात जोडले. मी हळूच म्हणालो, "आई, हे मंदिर नाही, लेणं आहे." ती म्हणाली, "देव तर हाय ना?" विषय संपला. अण्णा मात्र मूर्तीकडं कमी आणि खांबांकडं जास्त बघत होते. एका खांबावरून हात फिरवून म्हणाले, "हा आपल्या विहिरीतलाच दगड हाय." मी जिऑलॉजीत वाचलं होतं की महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा, डेक्कन ट्रॅप वगैरे. पण घारापुरीचा दगड आणि आमच्या विहिरीचा दगड एकाच जातीचा, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आमची विहीर खोदताना सुरुंग लावून लावून जीव मेटाकुटीला आला होता. अण्णा खांबाजवळ दहा मिनिटं उभे होते. "सुरुंग न लावता, छिन्नीनं... आन चूक झाली तर परत लावता येत न्हाई." स्टोन मॅसनरीच्या सगळ्या लेक्चर्समध्ये मला जे कळलं नव्हतं, ते त्या दहा मिनिटांत कळलं. छिन्नी चालवणाऱ्याला दुरुस्तीची सोयच नाही. आम्ही आपले कंट्रोल झेड करणारे.

परतताना मी सांगितलं की या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. समोर मुंबई रात्रभर लखलखणार आणि इथं स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं जनरेटरवर भागवायचं. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला उठणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. ते फक्त "हं" म्हणाले.

आता त्या दिवसाच्या संध्याकाळची गोष्ट. ती लिहावी की नाही, असा दोन दिवस विचार केला. लिहितोच.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आम्ही चौघं बसलो होतो. आईनं दशमी काढली होती. तेवढ्यात आपल्याच कॉलेजचा दोन वर्षांपूर्वी पास झालेला सिनियर भेटला. फोनवर बोलणं झालं होतं, पण तो खरंच येईल असं वाटलं नव्हतं. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. मनानं फार चांगला. म्हणाला, "काका-काकू, चला, समोरच्या हॉटेलात बसून कॉफी घेऊ." मी पटकन म्हणालो, "नको नको. यांना सवय नाही."

त्याला काही वाटलं नाही. तो थोडा वेळ थांबला, आईच्या हातची दशमी खाल्ली (दोन खाल्ल्या!), पाया पडला आणि गेला. अण्णा समुद्राकडं बघत होते. बऱ्याच वेळानं, अगदी शांतपणे म्हणाले, "सवय न्हाई म्हणतोस. तुझी फी भरायची तरी कुठं सवय होती आम्हाला?"

बस्स. एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. पण मला समोरचा समुद्र दिसेनासा झाला.

खोटं बोलत नाही, कॉफीचा खर्च वाचवायचा म्हणून मी नाही म्हणालो नव्हतो. त्या काचेच्या दरवाजातून अण्णांचं धोतर आणि आईची पिशवी आत गेलेली मला नको होती. ज्यांच्या जिवावर मी त्या दरवाजातून उद्या आत जाणार, त्यांनाच मी बाहेर बसवत होतो. आपल्यातल्या किती जणांनी गॅदरिंगला आई-वडिलांना "काही विशेष नसतं, नका येऊ" म्हणून सांगितलंय? हात वर करू नका, मनातल्या मनात मोजा.

थोड्या वेळानं अण्णांनीच विषय बदलला. "हे चार पायाचे दगड कशाला टाकलेत?" मी टेट्रापॉड समजावून सांगायला लागलो. सलग भिंत असली की लाट पूर्ण जोरानं आपटते. हे एकमेकांत अडकतात, मधल्या फटींतून पाणी शिरतं, लाटेचा जोर तिथंच जिरतो. १९५० साली फ्रान्समध्ये हा आकार शोधला. अण्णा म्हणाले, "म्हंजे बांधाला दगडाची पिचिंग करताव तसं." अगदी तसंच! तीन वर्षांत मी नेमकं काय शिकतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि मलाही ते सांगता आलं.

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. त्यात दीड तास गेला. गिरगाव चौपाटीवर आईनं पाण्याची रिकामी बाटली काढून समुद्राचं पाणी भरलं. "आजीला दाखवायचंय, तिनं कुठं बघितलाय समुद्र?" आदल्या दिवशीचा मी असतो तर "आई, लोक बघतायत" म्हणालो असतो. त्या दिवशी बाटली मीच धरली.

शेवटी टॅक्सी करून मलबार हिलवर हँगिंग गार्डन. मी सांगितलं की आपण उभे आहोत त्याच्या खाली पाण्याचा मोठा जलाशय आहे, ब्रिटिशांच्या काळातला, आणि त्याच्यावर ही बाग केलीय. पाणी येतं ते थेट ठाणे-नाशिक जिल्ह्यातल्या धरणांतून. तानसा, वैतरणा, भातसा. अण्णा खाली, पायाकडं बघायला लागले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. आमच्या गावात तेव्हा टँकर यायचा, मी घागर घेऊन रांगेत उभा असायचो. तो माणूस आता पाण्यावर उगवलेल्या हिरवळीवर उभा होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या धरणाजवळच्या गावांला असतंय का पाणी?"

मला माहीत नव्हतं. परत आल्यावर शोधलं. तानसा आणि भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी द्यावं लागतं. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पेपरात मला पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाला चांगले मार्क होते. पण "पाणी कुठून आणायचं" एवढंच मी शिकलो होतो. "ज्यांच्याकडून आणलं त्यांचं काय" हे कुठल्याच व्हायव्हाला विचारलं गेलं नव्हतं. ते एका शेतकऱ्यानं विचारलं.

तर सांगायचा मुद्दा असा. नोकरी लागल्यावर न्या, जरूर न्या, विमानानं न्या. पण त्या आधी, विद्यार्थी असतानाच एकदा आई-वडिलांबरोबर एखादं मोठं शहर बघून या. नोकरी लागल्यावर आपण यजमान होतो, खर्च करणारे होतो, आपोआप "दाखवणारे" होतो. आज आपण सगळेच सारखे नवखे असतो. पैशाचं कारण अर्धंच खरं आहे. लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आहे. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन फुकट. ओळखीच्यांकडं उतरा, जेवण घरून न्या. फक्त घारापुरी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते, तेवढं सांभाळा. दुसरं कारण वेळेचं. सुट्टीत आपण हॉस्टेलवर पडून किती सिरीज संपवतो ते आपलं आपल्याला माहीत!

सर आणि मॅडमना एक नम्र विनंती. आय.व्ही.चे रिपोर्ट आम्ही कसे लिहितो हे तुम्हालाही ठाऊक आहे (नाव बदलायचं विसरलेला रिपोर्ट दरवर्षी एक तरी येतोच). त्याऐवजी एक असाइनमेंट द्या. घरच्यांबरोबर एखादा पूल, धरण, स्टेशन बघा आणि त्यांनी विचारलेले पाच प्रश्न लिहून आणा. उत्तरं आली नाहीत तरी चालेल. आणि जमलं तर त्या दोन दिवसांची हजेरीही द्या, ७५ टक्क्यांचं आमचं गणित आधीच कच्चं आहे.

असो. समुद्राच्या पाण्याची ती बाटली आमच्या देवघरात आहे. आजीनं एक थेंब जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं आणि ती परत तिथंच ठेवली. मी अजून पास व्हायचोय, नोकरी तर लांबच. पण एक ठरवलंय. ऑफर लेटर हातात पडलं की पहिली कॉफी त्याच काचेच्या दरवाजाच्या आत. अण्णा धोतरात, आई पिशवीसकट. आणि त्यांना कॉफी आवडली नाही, तर चहा मागवू!