भंगारात गेलेली आठवण

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आमच्या धाराशिवात झेंडावंदन होतं, भाषणं होतात. भाषणांत रझाकार येतात, सरदार पटेल येतात. विमानं मात्र कुणाच्या भाषणात येत नाहीत.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात आली आणि बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. पुढे उमरग्याहून राजेश्वरकडे जाताना वाटेत दबा धरून बसलेल्या निजामी सैन्यावर आपल्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले, तेव्हा रस्ता मोकळा झाला. एका वैमानिकाचं, अठरा सिलिंडरच्या इंजिनाचं, पंख्यावर चालणारं ते लढाऊ विमान. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याचाही वाटा आहे.

त्या विमानांचं पुढे काय झालं? जेट विमानं आली आणि टेम्पेस्ट निवृत्त झाली. काहींचे सांगाडे पुण्यात वर्षानुवर्षं पडून राहिले आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला गेले. त्यांतलंच एक सायवेलच्या हँगरमध्ये पुन्हा उभं राहिलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये चक्क उडालं! पुण्यातलं भंगार, तिकडे मात्र जिवंत विमान.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक टेम्पेस्ट आहे. हवाई दलाने 2012 मध्ये टायगर मॉथ आणि 2018 मध्ये डाकोटा पुन्हा उडतं केलं. पण या दोन्ही विमानांची दुरुस्ती झाली ब्रिटनमध्ये. म्हणजे प्रेम आपलं, पैसा आपला, हात मात्र दुसऱ्याचे.

मला खटकतं ते हेच. अशा हँगरमध्ये एकेक रिव्हेट काढतात, प्रत्येक भाग धुऊन मोजतात, जो मिळत नाही तो जुन्या नकाशावरून घडवतात. हे काम पुस्तकातून येत नाही, जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहूनच येतं. धाराशिवला धावपट्टी आहे, आयटीआय आहे. धावपट्टीशेजारी एक शेड आणि मोडीत निघालेलं एखादं शिकाऊ विमान मिळालं तर पोरं काय शिकणार नाहीत? ते उडालं नाही तरी चालेल, इंजिन सुरू झालं तरी पुष्कळ.

कुणी म्हणेल, युद्धाची यंत्रं कशाला जपायची? प्रश्न रास्त आहे. त्या कारवाईनंतर याच जिल्ह्यात निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहिलं आहे. तेही भाषणांत येत नाही. भाषणातून नको ते गाळता येतं. डोळ्यांसमोर विमान उभं असलं की मात्र पोरं विचारणारच, “हे कुणावर चाललं? मग पुढे काय झालं?”

तेव्हा उत्तर द्यावं लागेल, आणि तेही पूर्ण.