घरगुती विचार : खरबरीत तुळईस काय लावावें?

हिंगोली जिल्ह्यांत जुन्या वाड्यांचीं धाबीं अद्याप कोठें कोठें उभीं आहेत. सागवानी तुळया, त्यांवर सरे व किलच, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी ती रचना. आमच्या वसमतकडील घराच्या ओसरीची एक तुळई गतवर्षीं बदलावी लागली. वखारींतून करवतून आणलेली नवी तुळई रंधा न मारतांच बसविली. कारण थोरल्या बंधूंचा आग्रह असा कीं, करवतीचे वळ दिसूं द्यावेत, लाकूड लाकडासारखें दिसावें. तीस आतां काय लावावें, ह्या प्रश्नावर घरांत दोन पक्ष पडले. पुतण्यास हवें चकचकीत व्हार्निश. सूनबाईंचें म्हणणें, कांहींच नको.

दोघांसही आम्हीं जुन्या तुळईचें स्मरण दिलें. १५ वर्षांपूर्वीं तीस आम्हींच हौसेनें तैलरंगाचे तीन हात दिले होते. बाहेरून ती लखलखीत. परंतु धाब्याचें पाणी भिंतींत गेलेल्या टोकापाशीं मुरत राहिलें, रंगाच्या पापुद्र्यामुळें ओल बाहेर पडली नाहीं, आणि आंतला गाभा कुजला. सुतारानें हातोडीनें ठोकून पाहिलें तेव्हां आवाज बद्द आला. तिच्याच कडीस बंधूंच्या धाकट्या नातीचा पाळणा टांगलेला होता! तो दिवस आठवला म्हणजे आजही अंगावर कांटा येतो.

खरबरीत पृष्ठावर व्हार्निश शोभत नाहीं व टिकतही नाहीं. तंतूंच्या टोकांवर त्याचा थर पातळ बसतो, खळग्यांत जाड, धूळ अडकते, आणि पापुद्रे सुटूं लागले कीं ते खरवडणें महाकठीण. तेल लाकडांत मुरतें, व पुन्हा द्यावयाचें झाल्यास खरवडावें लागत नाहीं. म्हणून आमचा कौल जवसाच्या तेलास. कच्चें तेल वाळावयास कित्येक दिवस घेतें. रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात तें शिजविलेलें तेल एकदोन दिवसांत वाळतें. तारेच्या कुंच्यानें कुसळें व भुसा झाडून, पावसाळा पुरता ओसरल्यावर, दोन पातळ हात द्यावेत, व न मुरलेलें तेल अर्ध्या तासानें पुसून घ्यावें. नाहीं तर तें चिकट राहतें. करवतलेलें लाकूड रंधलेल्याहून पुष्कळ अधिक तेल पितें, हें आधींच हिशेबांत धरावें.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेप सांगितला आहे. त्याच्या द्रव्यांत अतसी म्हणजे जवस, सर्जरस म्हणजे राळ आणि भल्लातक म्हणजे आपला बिब्बा हीं आहेत. बिल्वही आहे, परंतु रंगाऱ्यांच्या बेलतेलाचा बेलफळाशीं कांहीं संबंध नाहीं. तो लेप एक कोटि वर्षें टिकतो म्हणे. आम्हांस पांच वर्षें पुरेत! बिब्ब्यानें अंग उततें, म्हणून पोराबाळांच्या घरांत तो न वापरणें बरें. जवसाच्या तेलानें वाळवी मात्र थांबत नाहीं. तुळई पक्व गाभ्याचीच घ्यावी. बाहेरचें पांढुरकें लाकूड वाळवी आधीं खाते. भिंतींत जाणाऱ्या टोकाभोंवतीं हवेपुरती फट ठेवावी, आणि धाब्याची गळती आधीं बंद करावी.

आतां एक गोष्ट घरांतील सर्वांनींच ध्यानांत ठेवावी. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. जवसाचें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु घेतें व तापतें; बोळ्यांत ती ऊब कोंडते, आणि काडी न ओढतां चिंध्या पेट घेतात. आमच्या पडवींत दुपारीं टाकलेल्या बोळ्यांतून सायंकाळीं धूर निघाला. शेजारींच कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सूनबाईंचें लक्ष गेलें व त्यांनीं बादली ओतली, म्हणून निभावलें. अशा चिंध्या मोकळ्या जागीं सुट्या पसरून वाळवाव्या, अथवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

पुतण्यानें आणलेला व्हार्निशाचा डबा वायां गेला नाहीं. देवघराचें दार रंधलेलें आहे. त्यास तो लावला, आणि तेथें तो शोभतोही.