गाठोडी नकोत, पैसे पाठवा

वादळाची बातमी आली की सीफच्या उंच इमारतींतून प्रथम खाली उतरतात ती जुन्या कपड्यांची गाठोडी. हेतू चांगला, यात शंका नाही. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाडीवाल्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवे झाड धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालायचे, याचे उत्तर गाठोड्यात नसते.

या बाबतीत चर्चच्या मदतसंस्थांकडून शिकण्याजोगे आहे. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या दिवीसीमा भागात वादळाने सुमारे १०,००० बळी घेतले. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ ही संस्था तेथे धान्य वाटून परतली नाही. तिने किनाऱ्यावर पक्की निवारागृहे बांधली. एरवी ती शाळेसाठी वापरावीत, अशी योजना.

मदतीच्या आडून धर्मप्रसार होतो, असा आक्षेप आपल्यात हमखास निघतो. मदत धर्म पाहून देऊ नये आणि धर्मप्रसारासाठी वापरू नये, असा आचारसंहितेचा दंडक १९९४ मध्ये झाला. तो घालणाऱ्यांत कॅथलिकांची ‘कॅरितास’ही होती. कोणी तो मोडला तर त्याला जरूर जाब विचारावा. सरसकट संशयापायी भुकेल्यांचा घास का अडवायचा?

खरी अडचण निराळीच आहे. परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यास सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीने मनाई झाली. दिल्लीची संस्था, मग धर्मप्रांत, मग गाव, ही चर्चच्या मदतीची जुनी वाट तिने बंद केली. मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेला पैसा या कायद्याने परदेशी देणगी ठरत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊकच नसते! परदेशी देणगीची परवानगी नसलेल्या गावच्या लहान संस्थेला युरोपातले चर्च एक पैसा देऊ शकत नाही. सीफमधला कारकून दहा दिनार देऊ शकतो.

फक्त मजल्यामजल्यावर डबा फिरवू नका. बहारीनमध्ये परवान्याविना वर्गणी गोळा करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ज्याने त्याने आपल्या खात्यातून पाठवावे, पावती मागावी, आणि पुढच्या पावसाळ्यात पत्र टाकून विचारावे, की लावलेल्या रोपांपैकी किती जगली.